लीलाबाईंचा एका हाताचा रॉड

इंग्लंडात नॉटिंगहॅमशेजारच्या बीस्टनमध्ये, हाय रोडमागच्या गल्लीत डेरेकचं मासेमारीच्या सामानाचं दुकान होतं. २००६च्या एप्रिलमधल्या एका सकाळी त्या दुकानाचं दार खांद्याने ढकलून लीलावती खांबेटे आत शिरल्या. खांद्याने, कारण त्यांचा उजवा हात एका जुन्या सुती ओढणीने पोटाशी करकचून बांधलेला होता आणि डाव्यात पर्स होती. साठी गाठलेली, जेमतेम पाच फुटांची बाई, साडीवर निळा कोट, पायात मुलीचे जुने ट्रेनर्स. डेरेक काउंटरमागून धावतच आला. हात मोडला की काय, कुठे पडलीस, एक्स-रे काढला का, अशी त्याची सरबत्ती सुरू झाली. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की हात ठणठणीत आहे, तो मीच बांधलाय, आणि मला एका हाताने चालवता येईल असा रॉड आणि रीळ हवंय.

दुसरा कुणी असता तर बाईचं डोकं फिरलं असं समजून त्याने हळूच त्यांच्या घरी फोन लावला असता. डेरेकला मात्र क्षणात उमगलं. त्याने दारावरची पाटी उलटी फिरवून दुकान बंद केलं, किटली लावली आणि म्हणाला, बस, डक. नॉटिंगहॅमात लहानथोर सगळेच एकमेकांना बदक म्हणतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. लीलाबाईंनी पहिली दहा वर्षं वाटून घेतलं होतं.

आता हे प्रकरण इथवर कसं आलं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही बाईंना वेड्यात काढाल.

कमलाकर खांबेटे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून नॉटिंगहॅमला आले आणि सायकलींच्या कारखान्यात टूलरूममध्ये लागले. वर्षभराने लीलाबाई आल्या. कारखान्यात शेजारच्या लेथवर डेरेक होता, दुकान त्याने नंतर काढलं. त्याने एका रविवारी कमलाकररावांना ट्रेंट नदीवर नेलं, हातात रॉड दिला, आणि तिथून पुढे हा माणूस रविवारी घरी सापडेना. गंमत अशी की खांबेटे शाकाहारी. नुसते शाकाहारी नव्हेत, केकसुद्धा अंड्याची चौकशी करून खाणारे. पण इथल्या नदीवरची रीतच अशी, की मासा पकडायचा, गळ अलगद काढायचा, क्षणभर न्याहाळायचं आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचं. कुणी मारत नाही, कुणी घरी नेत नाही. कमलाकररावांना ही रीत इतकी पसंत पडली की ते म्हणायचे, आपण मासे मारत नाही, भेटून येतो. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक त्यांना यावरून हटकून डिवचायचे. कोकणातली मंडळी तर अगदी मनापासून हळहळायची. एवढा हातात आलेला मासा, आणि सोडलात? मग पकडलात कशाला? कमलाकरराव नुसते हसायचे. उंचापुरा, सावकाश बोलणारा माणूस, त्याला वाद घालायची हौस नव्हती.

लीलाबाई मात्र हसत नव्हत्या. गळाला लावायच्या अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये ठेवला तर आतल्या अळ्या ताज्या राहतात, हे कमलाकररावांनी पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना समजावून सांगितलं, आणि त्या दिवशी त्या घरात जो आवाज चढला तो अजून शेजाऱ्यांच्या लक्षात असेल. श्रीखंडाच्या वाडग्याशेजारी वळवळत्या अळ्या! डबा कायमचा बागेतल्या शेडमध्ये गेला. नदीवरून आलं की बूट दाराबाहेर, मागच्या दाराने आत, थेट आंघोळ, आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल, असा कायदा झाला. उभ्या संसारात बाई एकदाही त्या नदीकाठी फिरकल्या नाहीत. सवतीच्या घरी कुणी चहाला जातं का, असं त्या म्हणायच्या.

त्या स्वतः होजिअरीच्या गिरणीत चेकर होत्या. मोजा हातावर चढवायचा, उजेडाकडे धरायचा आणि सुटलेला टाका हुडकायचा, हे त्यांचं काम. ती खोड घरातही आली. स्वतःवर करून बघितल्याशिवाय बाई कुणाला काही देत नसत. चैत्राली, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लहान असताना तिचं औषध आधी आईच्या जिभेवर जायचं. तिच्या शाळेची नवी बॅग पुस्तकं भरून आधी आईने पाठीवर घ्यायची आणि बागेत चार फेऱ्या मारायच्या. मंडळातल्या कुणाच्या बाळंतपणाला उशी द्यायची तर त्यावर आधी बाई एक रात्र झोपणार. लोक चेष्टा करायचे. पण खांबेट्यांच्या घरून आलेली वस्तू कधी परत करावी लागली नाही, हेही तेच लोक सांगायचे.

आणि मग २००६च्या जानेवारीत कमलाकररावांना स्ट्रोक झाला. पुष्कळ काही वाचलं. बोलणं जरा जड झालं पण शब्द सगळे होते. पाय धड होते. गेला तो उजवा हात. खांद्याशी थोडा जोर उरला होता, काखेत काही धरलं तर धरून ठेवता यायचं, पण बोटं लाकडासारखी. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या मुलीने सांगितलं होतं, पाय चालतात, काठी घ्या, रोज बाहेर पडा, ताठ उभं राहायची सवय करा. कमलाकररावांनी मान डोलावली आणि घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. खुर्ची ते बाथरूम, बाथरूम ते खुर्ची, तेही कमरेत वाकून, भिंत चाचपत. बोलायचं तर बाईंनीच बोलायचं. डेरेक भेटायला आला की म्हणायचे, झोपलोय म्हणून सांग. पहिल्यांदा बाईंनी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांची मान खाली गेली, कारण ती खुर्ची रस्त्यावरून स्वच्छ दिसत होती आणि डेरेक काही आंधळा नव्हता. त्याने बिस्किटांचा पुडा उंबऱ्यावर ठेवला आणि गेला.

मार्चमध्ये चैत्रालीचा लंडनजवळच्या स्लाऊहून फोन आला. ती तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, दर रविवारी फोन करायची. तिने आईला सहज सांगितलं की बाबा म्हणाले, शेडमधलं सगळं फिशिंगचं सामान विकून टाक, नाहीतर कुणाला तरी देऊन टाक, आता ते कुणाच्या कामाचं. चैत्राली म्हणत होती की बरंच झालं, शेड मोकळी होईल.

ज्या सामानाला उभा जन्म नावं ठेवली, त्याचं जाणं ऐकून लीलाबाईंनी फोन तसाच खाली ठेवला. त्या शेडमध्ये गेल्या. भिंतीला रॉड उभे होते, कापडी पिशव्यांत, नीट. फळीवर कमलाकररावांचं लाडकं रीळ होतं. सेंटरपिन म्हणतात त्याला. पतंगाच्या फिरकीसारखं सुटं फिरणारं, पण धातूचं, गुळगुळीत चाक. नॉटिंगहॅमचे जुने लोक त्याच्यावर जीव टाकतात. पण ते चालवायला एका हाताचा अंगठा चाकावर आणि दुसऱ्या हाताची बोटं दोरीवर लागतात. एका हाताच्या माणसाला ते शोभेचं. बाई तिथे उभ्या राहिल्या आणि त्यांना लख्ख कळलं, की हे रॉड या घरातून गेले तर हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही. मरेपर्यंत तिथेच बसून राहील, आणि आपण त्याला चहा देत राहू.

नदीवर दर वर्षी मार्चच्या मध्यापासून बंदी असते, मासे अंडी घालतात म्हणून. ती उठते सोळा जूनला. नदीवाल्या लोकांचा तो पाडवाच. पहाटेपासून काठावर माणसं बसतात, फ्लास्क उघडतात, वर्षभराच्या गप्पा मारतात. कमलाकररावांनी एवढ्या वर्षांत तो दिवस चुकवला नव्हता, चैत्रालीच्या जन्माच्या वर्षीसुद्धा नाही, आणि त्यावरून बाईंनी त्यांना किती वेळा टोमणे मारले असतील याला गणती नाही. या वर्षीही तो दिवस चुकू द्यायचा नाही, असं बाईंनी मनावर घेतलं. बाईंनी मनावर घेतलं म्हणजे काय, हे बीस्टनमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

तर अशा त्या डेरेकच्या दुकानात आल्या, हात बांधून.

डेरेकने पहिल्यांदा त्यांच्यासमोर ठेवली व्हिप. म्हणजे लवचीक लांब काठी, शेवटाला दोरी बांधलेली, रीळबिळ काही नाही. एका हाताला याहून सोपं काही नाही, असं तो म्हणाला. बाईंनी ती हातात घेतली, हलवून पाहिली आणि परत दिली. सोपं होतं, कबूल. पण फिरवायला रीळ नसेल तर कमलाकररावांना ते फिशिंग वाटणार नाही, पोराच्या हातात खुळखुळा दिल्यासारखं वाटेल, आणि ते एकदा वाटलं की संपलं. डेरेकने व्हिप निमूट जागेवर ठेवली. त्याच्या मनातही तेच होतं, पण म्हणायचा धीर झाला नव्हता.

मग तेरा फुटी मॅच रॉड आला, कमलाकररावांकडे होता तसाच. तो डाव्या हातात धरताच त्याचं टोक जमिनीकडे गेलं आणि बाईंसकट खाली आलं. मग तारेची कमान असलेलं साधं रीळ आलं. ती कमान उघडायला एक हात आणि रॉड धरायला दुसरा. बाईंनी दाताने उघडून पाहिली. डेरेकने डोळे मिटून घेतले. शेवटी त्याने मागच्या खोलीतून एक जुन्या धाटणीचं रीळ आणलं, तोंडावर झाकण असलेलं. झाकण तर्जनीने दाबलं की दोरी सुटते, एवढंच. रॉड धरलेल्या हाताचीच तर्जनी. बाईंनी दाबून पाहिलं, सोडून पाहिलं, पुन्हा दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला.

राहिला प्रश्न गुंडाळण्याचा. दोरी फेकली डाव्या हाताने, पण ती परत गुंडाळायची तर रॉड धरणार कोण? यावर दोघांचे दोन चहा झाले. उत्तर बाईंनाच सुचलं. रॉडची मूठ उजव्या काखेत दाबून धरायची. कमलाकररावांच्या काखेत तेवढा जोर होता, सकाळचा पेपर ते तसाच धरून बसायचे. मूठ काखेत, रॉड गुडघ्यावर टेकलेला, आणि डावा हात रिळाच्या दांडीवर. म्हणजे मूठ बरोबर काखेपर्यंत पोचेल असा रॉड हवा. डेरेकने एक एक रॉड काढला, बाईंनी एक एक स्टुलावर बसून काखेत घालून पाहिला. हा लांब, हा टोचतो, हा डुगडुगतो. अखेर एक नऊ फुटी, पिसासारखा हलका रॉड त्यांच्या काखेत असा चपखल बसला की त्या स्वतःशीच हसल्या. डेरेक म्हणाला की रॉड म्हणजे बुटासारखं असतं, ज्याचा त्याने पाय घालून बघावा, कॅम स्वतः आला असता तर बरं झालं असतं. कारखान्यात कमलाकरचं कॅम झालं होतं. बाई म्हणाल्या, ते आले असते तर मी कशाला आले असते? डेरेकने रॉड पिशवीत घातला.

पण दुकानात स्टुलावर बसून कौतुक करणं वेगळं आणि पाण्यावर वेगळं. बाईंनी सामान घरी नेलं नाही. ते डेरेककडेच ठेवलं, पोस्टातून रॉडचं लायसन्स स्वतःच्या नावाने काढलं आणि आठवड्यातून दोनदा बीस्टनच्या कॅनॉलवर जाऊन बसायला लागल्या. कॅनॉलला नदीसारखी बंदी नाही. घरी सांगितलं, लायब्ररीत विणकामाचा क्लास लावलाय. कमलाकररावांनी ‘बरं’ म्हटलं. काय विणतेस, एवढंही विचारलं नाही, आणि बाईंना खोटं पचल्याच्या आनंदापेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कॅनॉलवरचे पहिले आठवडे म्हणजे फजितीचा बाजार होता. दोरी झाडात गेली. दोरी पदरात गेली. एकदा तर पाण्यातून जाणाऱ्या बोटीच्या छपरावरच्या कुंडीत गळ अडकला आणि ती बोटवाली बाई शांतपणे कुंडी सोडवून, ‘ऑलराइट, डक’ म्हणून निघून गेली. पहिल्यांदा बाईंनी गळाला मक्याचे दाणे लावले. दाणे हात बांधूनसुद्धा लावता येतात, आणि सोवळ्यात बसतात. एक मासा फिरकला नाही. डेरेकने विचारलं की तुला कोणता मासा हवाय. बाई म्हणाल्या, पर्च, त्यांचा आवडता. तेव्हा डेरेकने मोठ्या प्रेमाने सांगितलं, की पर्च मका खात नाही, तो तुमच्यापैकी नाही.

मग आली गांडुळं. त्या दिवशी बाईंनी मनात रामरक्षा म्हटली, डबा उघडला आणि मिटला. पुन्हा उघडला. एका हाताने गांडूळ गळाला लावायचं कसं, हा तर आणखी वेगळा पेच. तो त्यांनी कपड्यांच्या चिमट्याने सोडवला. स्टुलाच्या कडेला चिमटा ठोकून घेतला, त्यात गळ धरून ठेवायचा आणि डाव्या हाताने गांडूळ त्यावर चढवायचं. पहिलं गांडूळ गवतात निसटलं, दुसरं अर्ध्यावर सुटलं. पण लावलं. अहो, ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं अळ्यांचा डबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, त्या बाईने! याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी नुसता हात जोडतो.

मंडळात अर्थातच बोभाटा झाला. कुणीतरी कॅनॉलवर चालायला गेलेलं असणार. खांबेटे बाईंचा हात मोडलाय इथपासून त्या घर सोडून बोटीवर राहायला जाणार इथपर्यंत बातम्या स्लाऊला पोचल्या. चैत्रालीचा फोन आला, कामाच्या मधल्या वेळात, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "आई, तू हात बांधून कॅनॉलवर बसतो? सुमनकाकूने मला फोन केला. It's so embarrassing," ती म्हणाली. तिचं मराठी रागात आणखी पातळ व्हायचं. बाईंनी सगळं सांगितलं. पलीकडे कॅलेंडरची पानं वाजली. मग चैत्राली म्हणाली की सोळा जूनला मी रजा घेते. बाई म्हणाल्या, नको. एवढी माणसं जमली की ते बुजतील. तू फोनजवळ बस.

मेच्या शेवटी एका ढगाळ दुपारी दोरीला बांधलेला, पाण्यावर तरंगणारा फ्लोट गपकन पाण्याखाली गेला. बाईंनी रॉड उचलला, मूठ काखेत दाबली, रीळ फिरवायला लागल्या. पलीकडून कुणीतरी ओढत होतं. जिवंत ओढ, हाताला, खांद्याला कळणारी. काठाशी आला तो पर्च होता, वीतभर. हिरवट अंग, त्यावर काळे पट्टे, खालचे पर शेंदरी. पाठीवरचा काट्यांचा पंखा त्याने रागाने उभारला होता. बाईंनी ओला फडका टाकून त्याला डाव्या हातात घेतलं. काटा बोटाला लागला, रक्त आलं. चिमट्यात दोरी धरून, बोटांनी हळूहळू त्यांनी गळ काढला. मग तो फडक्यावर पडलेला, कल्ले हलवणारा, इतका देखणा जीव त्या बघत राहिल्या. भेटून येतो म्हणजे काय, ते त्यांना आत्ता कळलं. इतकी वर्षं हा माणूस कुणाला भेटायला जात होता, ते आपण एकदाही विचारलं नाही, असं वाटून त्या रडल्या. रडतच त्यांनी त्याला पाण्यात सोडलं. घरी आल्यावर मागच्या दाराने आत, थेट आंघोळ. कायदा तो कायदा.

सोळा जून आला. सकाळी चहा झाल्यावर बाईंनी डेरेककडून आणलेला रॉड काही न बोलता कमलाकररावांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो पाहिला, झाकणाचं रीळ पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. हे सगळं देऊन टाकायला सांगितलं होतं, ते जड जिभेने म्हणाले. कुणी सांगितलं हे आणायला? डेरेकने? लोकांना तमाशा दाखवायला नदीवर जाऊ? "मला कुणाची दया नको, लीला."

बाईंना एवढ्या महिन्यांचा राग एकदम आला. त्यांनी कमरेला पदर खोचला. "दया? अहो, तुमच्यासाठी मी गांडूळ हातात धरलंय. या हातात. दया करायची असती तर तुम्हाला खीर करून घातली असती, घरात बसून."

कमलाकररावांनी रॉडवरची नजर काढली. गांडूळ? त्यांनी विचारलं. बाईंनी काट्याची खूण असलेलं बोट पुढे केलं आणि विणकामाचा क्लास काय होता तो सांगितला. मक्याच्या दाण्यांपासून बोटीवरच्या कुंडीपर्यंत, सगळं. कमलाकररावांनी डाव्या हाताने ते बोट धरलं, उलटसुलट पाहिलं. मग ते म्हणाले की कोट दे. पण मी गाडीतून उतरणार नाही.

डेरेक दुकान भाचीवर सोपवून व्हॅन घेऊन आला होता. कमलाकरराव गाडीतून उतरले. का उतरले, तर गाडीच्या खिडकीतून पाण्याची पातळी दिसत नव्हती, आणि पातळी बघितल्याशिवाय नदीवर गेलेलं त्यांना चालत नसे. काठीवर ओणवे होत, डेरेकच्या दंडाला धरून ते काठापर्यंत आले आणि बाईंनी मांडलेल्या स्टुलावर बसले. आसपास त्यांची जुनी मंडळी बसलेली होती. एकाने हात वर केला, एकाने पाणी जरा गढूळ आहे म्हणून सांगितलं, आणि सगळे आपापल्या फ्लोटकडे वळले. या माणसांना कुणी मायाळू म्हणत नाही, पण त्या सकाळी ती होती.

बाईंनी ओढणीने स्वतःचा हात बांधला आणि एकदा करून दाखवलं. तर्जनी झाकणावर, फेक, मूठ काखेत, रॉड गुडघ्यावर, दांडी फिरव. झकास. शेजारच्या म्हाताऱ्याने टोपी उचलली. मग त्यांनी रॉड कमलाकररावांना दिला. फेक बरी झाली. फ्लोट पाण्यावर उभा राहिला. आता गुंडाळायचं. कमलाकररावांनी मूठ काखेत घालायला रॉड मागे घेतला आणि मूठ काखेपर्यंत पोचलीच नाही. त्यांनी रॉड आणखी मागे ओढला, तर रीळ छातीवर येऊन टेकलं आणि दांडी फिरवायला जागाच उरेना. मूठ सटकली. पुन्हा घातली, पुन्हा सटकली. तिसऱ्यांदा रॉड हातातून सुटला आणि गवतात पडला.

लीलाबाईंची नजर मुठीवरून काखेवर गेली. एवढ्या खेपा, एवढे रॉड, एवढी तपासणी, आणि आखूड! गिरणीत ज्यांच्या नजरेतून एक टाका सुटला नाही त्यांनी हे केलं. आता हे उठणार, गाडीत बसणार, खुर्चीत जाणार आणि संपलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. डेरेकने व्हॅनची किल्ली खिशातून काढली.

कमलाकरराव गवतातल्या रॉडकडे पाहत होते. मग बायकोच्या बांधलेल्या हाताकडे. मग पुन्हा रॉडकडे.

"हा तू कुणाच्या काखेत घालून बघितलास?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"तुझ्याच. हा तुझा रॉड आहे, लीला. माझा नाही." बाईंनी डोळे मिटले. "माझा मला बघायला लागेल. डेरेक, लांब मुठीचा आहे ना रे दुकानात?"

डेरेक म्हणाला की आहेत, पण माप घ्यायला तुलाच यावं लागेल, आणि उभं राहावं लागेल, तू काय बसून मासे पकडणाऱ्यांपैकी आहेस? कमलाकरराव म्हणाले, बसून कोण पकडतं. त्यांनी काठी मागितली. बाईंनी पुढे होऊन आधार द्यायला हात काढला, तर तो बांधलेला होता, आणि सोडवेपर्यंत ते उठलेही. आधी नेहमीसारखे कमरेत वाकलेले, काठीवर. मग त्यांनी पाय रोवले, आणि नदीवर जसे ते इतकी वर्षं उभे राहत होते तसे, हळूहळू, पाठीचा एक एक मणका मोजल्यासारखे सरळ होत गेले.

"मी केवढा आहे, विसरलीस ना?" ते म्हणाले.

हो, विसरल्या होत्या. जानेवारीपासून त्यांनी त्या माणसाला खुर्चीत बसलेलं, नाहीतर वाकलेलंच पाहिलं होतं. चहा देताना, औषध देताना, केस विंचरून देताना, सगळं वरून खाली. आज नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लीलाबाईंना मान वर करावी लागली.